शिवू का?

गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या आणि समोर उभ्या असलेल्या बाईला एकच प्रश्न. "शिवू का?"

नवीन गिऱ्हाईक गोंधळायचं. शिवायलाच तर कापड आणलंय, मग विचारता काय? पण अक्का कापडाचं विचारत नसत. अंगाला हात लावू का, असं विचारत असत. समोरची हो म्हणेपर्यंत टेप गळ्यातून निघायचा नाही. शिवणं म्हणजे टाके घालणं आणि शिवणं म्हणजे स्पर्श करणं, हे मला इंग्लिश मीडियमच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या या लेडीज टेलर बाईंच्या दुकानात, युनिफॉर्मच्या स्कर्टचं माप देताना ते कळलं. त्या वयात कुणीही जवळ आलं की मी अंग चोरायचे. एवढ्या मोठ्या बाईनं मला विचारावं याचंच नवल वाटलं. मी मान हलवली. "तोंडानं सांग वं," अक्का म्हणाल्या. "मान तं बकरीबी हलवते."

अक्का मूळच्या बोदवडकडच्या. लग्न होऊन जळगावला आल्या आणि नवरा गेल्यावर घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलं. अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. दाराला पडदा, आत डाग पडलेला आरसा, दोरीवर हूक लागायचे राहिलेले ब्लाउज. त्या पडद्याआड बायका जे बोलायच्या ते घरात बोलत नसत. अक्का माप घेता घेता ऐकायच्या. कुणी पोट आत ओढलं की म्हणायच्या, "सोड, सोड. तू मापाले खोटं बोलली तं ब्लाउज खरं बोलंन."

त्या गेल्या तेव्हा गल्लीतल्या बायका दबक्या आवाजात "बायकांच्या आजारानं" म्हणाल्या. आजाराचं नाव कुणी घेतलं नाही. मला ते नाव माहीत होतं, आणि तो वेळेवर सापडला असता तर काय झालं असतं तेही.

कॉलेज झाल्यावर मी एका लेडी डॉक्टरांच्या हॉस्पिटलात काउंटरवर लागले. मला फार बोलायला लागणार नाही असं काम हवं होतं आणि मॅडमना कॉम्प्युटर येणारी मुलगी. पण काउंटरवर बोलावंच लागतं. पहिल्याच दिवशी मी एका बाईंना शेवटच्या पाळीची तारीख विचारली, "एलएमपी कधी?" त्या सोबतच्या बाईकडे वळून म्हणाल्या, "काय म्हंते ही पोरगी? इंजिनचं इचारू राहिली का?" संध्याकाळी मी हे अक्कांना सांगितलं तर त्या मशीनवर डोकं टेकवून हसल्या. मग म्हणाल्या, "अडचण कधी आली होती, असं विचार. आणि हळू विचार. शेजारी तिचा दीर बसलेला असतो."

बाकावर बसणाऱ्या बायका मी रोज पाहायचे. फैजपूरच्या, चोपड्याच्या, धुळ्याकडच्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मॅडम "आतून तपासावं लागेल" म्हणाल्या की त्यांच्या तोंडावर एक शटर खाली यायचं. काहीजणी उठून पाणी प्यायच्या. काहीजणींना एकदम घरी म्हैस बांधायची राहिलेली आठवायची. मॅडम वाईट नव्हत्या, हात हलका होता. पण बाहेर गर्दी असायची आणि पडद्याआडून सारखं तेच ऐकू यायचं. पाय वर घ्या. सैल सोडा. सैल सोडा म्हटलं की बाई आणखी आवळून घेते. कुणाच्या सांगण्यावरून सैल झालेली बाई मी तरी पाहिली नाही.

एका दुपारी अक्का मॅडमचे ब्लाउज द्यायला आल्या होत्या. तेवढ्यात आतून फैजपूरकडची एक तरणी बाई बाहेर आली. आली म्हणजे पळाली. निऱ्यांचा गोळा हातात, पायात चपला नाहीत, तोंडातून आवाज नाही. मागे सासू. "अवं थांब, कोनी मारू राहिलं का तुले?" बाई जिना उतरून रिक्षात जाऊन बसली. अक्कांनी तिच्या चपला उचलल्या, खाली नेऊन दिल्या आणि वर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय झालं तिले?"

"तपासणी अर्धी राहिली."

"काय काय काढायला लावता तुम्ही? कसं झोपवता?"

माझे कान तापले. ते सगळे शब्द मला इंग्लिशमध्ये येत होते, मराठीत एकही तोंडातून निघेना. अक्कांनी थोडी वाट पाहिली. "बरं, इंग्लिशमध्ये सांग. मले समजलं नाही तरी चालंन, तुले तं बोलता येईन."

मी सांगितलं. अर्धं इंग्लिशमध्ये, अर्धं हातांनी. साडी कंबरेपर्यंत वर घ्यावी लागते, आतले कपडे काढावे लागतात. सलवारवाल्यांना तर सगळंच काढावं लागतं. पाय दोन बाजूंना टेकवायचे, आणि मग मॅडम हातमोजे घालून येईपर्यंत तसंच थांबायचं. पडदा आहे, पण तो वाऱ्यानं हलतो.

ती तरणी बाई परत आली नाही. पुष्कळ दिवसांनी तिची जाऊ दाखवायला आली, तेव्हा मी चौकशी केली. "ती गेली ना," जाऊ म्हणाली आणि आपला नंबर कधी येईल ते विचारू लागली.

त्या दुपारनंतर लवकरच अक्का एक गठ्ठा घेऊन आल्या. आत पांढऱ्याशुभ्र मांजरपाटाचा घागरा होता. कंबरेला इलॅस्टिक, घोट्यापर्यंत लांब, आणि पुढे मधोमध कापडाच्या दोन पाकळ्या एकावर एक आलेल्या. बाई तो घालून चालली, बसली, झोपली तरी काही दिसायचं नाही. पाय वर घेतले तरी गुडघे, मांड्या, सगळं झाकलेलं. तपासायच्या वेळी तेवढ्यापुरती पाकळी बाजूला करायची. मॅडमनी तो उलटासुलटा करून पाहिला. "अक्का, असलं काही कुठल्या हॉस्पिटलात नसतं."

"नसते, म्हनून तं आनलं."

पहिला मान धुळ्याकडच्या एका म्हातारीला मिळाला. आयाबाईंनी घागरा उलगडून पुढे केला आणि म्हातारी टेबलावरून खालीच उतरली. "हाई काय शे? कोरं पांढरं कापड? मी जित्ती शे आजून, माय!"

अक्का बाहेर बाकावर बसून निकालाची वाट पाहत होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "कपाळ माह्यं! एवढं डोकं लावलं आणि मेलेल्याचं कापड शिवून आनलं."

त्यांनी मग जे केलं ते फक्त आपल्याकडचीच टेलर करू शकते. तुमच्याही घरात ते असतील, फिरते ब्लाउजपीस. हळदीकुंकवाला मिळालेले, ओटीत आलेले, बाहेरगावच्या नणंदेनं दिलेले. कुणी शिवत नाही. एका कपाटातून दुसऱ्या कपाटात, एका ओटीतून दुसऱ्या ओटीत नुसते फिरत राहतात. अक्कांनी गल्लीत घरोघर सांगितलं, फिरते पीस मले द्या, मी त्यायले बसवते. ढीग जमला. पोपटी, जांभळा, मोरपंखी, लाल बुट्ट्यांचा. चार पीस जोडून एक घागरा. पहिल्यांदा उकळल्यावर निम्म्यांचा रंग एकमेकांना लागला आणि आयाबाई दिवसभर कुरकुरत होत्या. पण त्यांनीच त्या घागऱ्याला नाव दिलं, झाकणी. बायका आपोआप "झाकणी द्या" म्हणू लागल्या.

आणि मग एक गोष्ट घडली जी आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हती. बायका निवडायला लागल्या. "ती नको, ती जांभळी द्या." "लाल कुणी घेतली?" टेबलावर चढायच्या आधी जिच्या हातात काहीच नसायचं, तिच्या हातात आता रंग होता. एकदा बोदवडची एक बाई टेबलावर आडवी झाली, स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि ओरडली, "थांबा, थांबा! हा पीस मी दिलेला आहे! नणंदेच्या ओटीत घातला होता. लई आवडला म्हने, तोंड पाहा तिचं! शिवला नाही ना भवानीनं?" नणंदेचा उद्धार चालू असताना मॅडमनी तपासणी उरकली. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "झालं? बरं झालं. पण तिले मी सोडनार नाही."

मॅडमनाही अक्कांनी सोडलं नाही. "तुम्ही शिवायच्या आधी विचारत जा, मॅडम. आपलंच अंग आहे, पन एकदम कुनी हात लावला तं परकं होते." मॅडम हसल्या. पण पडद्याआडून त्यांचा आवाज हळूहळू बदलला. आता हात लावते हं. दुखलं तर थांब म्हणा, मी थांबेन. काहीजणी खरोखर थांब म्हणायच्या, आणि मॅडम खरोखर थांबायच्या.

हे सगळं अक्का कशासाठी करतात, ते मी कधी विचारलं नसतं. मी विचारणारी नाही. एकदा नवीन झाकण्या आणायला दुकानात गेले होते, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. हात मशीनच्या चाकावर, नजर टाक्यावर.

"पहिल्या खेपेले मले एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. दार सताड उघडं. मानसं येऊ-जाऊ राहिले. मी गुडघे आवळून घेतले, तं तिथली बाई मांडीवर चापट मारून म्हने, नवऱ्यापाशी नाही लाजली, आता इथं काय लाजते? बठ्ठे हसले. डॉक्टरबी हसला." त्यांनी दोरा दातानं तोडला. "पोरगा झाला, चांगला झाला. दुसऱ्या खेपेले मी गेलीच नाही. म्हटलं घरीच होईन. ते पोर पोटातच गेलं."

अस्तर आखूड पडलं हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मग मशीन सुरू केलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, लग्नसराईच्या ऐन गर्दीत, अक्का मला हसत म्हणाल्या, "मी परत तरनी झाली वं. या वयात कावळा शिवला मले."

मी हसले नाही. काउंटरवर मी हे वाक्य फार वेळा ऐकलं होतं. पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या बाया असं लाजत, थट्टेवारी नेत सांगतात, आणि मॅडमच्या पेनचा वेग एकदम कमी होतो.

"अक्का, हे चांगलं लक्षण नाही. मॅडमना दाखवा."

"दाखवते ना. ही लगनं होऊ दे."

ती लग्नं झाली. मग श्रावण आला, मग गौरी, मग दिवाळीचे ब्लाउज. अक्का गडद रंगाच्याच साड्या नेसू लागल्या. मशीनच्या स्टुलावर चौघडी केलेली गोधडी आली. त्या मधूनच उठून आत जायच्या आणि बराच वेळ यायच्या नाहीत. दुकानात आता उदबत्ती सतत जळत असायची, आणि ती देवासाठी नव्हती. गिऱ्हाइकांना कळत नव्हतं. मला कळत होतं. त्यांच्या मुलाला मी सांगितलं. तो डाळ मिलमध्ये कामाला होता, चांगला मुलगा. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, मी आईला हे कसं विचारू?"

शेवटी मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी झाकण्यांच्या दुरुस्तीच्या निमित्तानं अक्कांना बोलावून घेतलं. अक्का आल्या, चहा घेतला, उसवलेल्या झाकणीला जागीच टाके घातले.

"अक्का, एकदा बघू द्या. मी आहे ना," मॅडम म्हणाल्या.

अक्कांनी टेबलाकडे पाहिलं. पायऱ्या, लोखंडी दांडे, रेग्झिनची गादी. "तुमचे हात चांगले आहेत, मॅडम. मी बठ्ठ्यायले सांगते. पन टेबल तं तेच आहे ना."

आणि सुई पिनकुशनला टोचून त्या घरी गेल्या.

किती बायकांना त्यांनी त्या टेबलापर्यंत आणलं असेल. काहींच्या सोबत आत उभ्या राहिल्या, घाम पुसला. काहींचं दुखणं वेळेत सापडलं, त्या आज घरी भांडताहेत, भाकऱ्या थापताहेत. आणि स्वतःच्या वेळी अक्का पडद्याच्या अलीकडेच थांबल्या होत्या. मी त्यांच्याशी वाद घालू शकले असते. वाद घालणाऱ्या मुली वेगळ्या असतात. मी रोज संध्याकाळी दुकानात जाऊन नुसती बसायचे. त्यांनाही ते चालत होतं. "तू बसते ते बरं वाटते," त्या म्हणायच्या. "बाकीच्या उपदेश करतात."

अशाच एका संध्याकाळी त्यांनी स्वतःसाठी ब्लाउज शिवायला काढला. भाचीचं लग्न होतं. जुना ब्लाउज अंगावर झोळीसारखा लोंबत होता. "माप घे वं माह्यं. स्वतःचं घेता येत नाही, टेप मागं पोचत नाही."

मी कुणाचं माप कधी घेतलं नव्हतं. टेप त्यांच्या पाठीमागून फिरवून पुढे आणला. माझे हात अपेक्षेपेक्षा फारच लवकर एकत्र आले. हाताला बरगड्या लागल्या. मी आकडा बोलले नाही. अक्कांनी खाली वाकून स्वतःच वाचला. मग माझ्या हातातून टेप घेतला, स्वतःच पुन्हा आवळून धरला आणि पुन्हा वाचला.

सगळ्या जन्माचं काम बायकांची मापं घेणं. कोणती बाई बाळंतपणानं उतरली, कोणती काळजीनं आणि कोणती कशानं, ते त्यांना टेप सांगायचा. त्या थोडा वेळ आरशासमोर उभ्या राहिल्या. मी आरशात पाहत नव्हते, जमिनीकडे पाहत होते.

"उद्या दुपारी गर्दी कमी असते का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

आधीच सांगते, उशीर झाला होता. पुढे नाशिकच्या फेऱ्या, विजेचे शेक, मुलाची रजा संपणं, सगळं झालं आणि उपयोग झाला नाही. त्यातलं काही मी इथे लिहिणार नाही. ती दुपार मात्र लिहायला हवी.

अक्का एकट्याच आल्या. रंग निवडला नाही, वर होती ती झाकणी घेतली. पडद्याआड जाऊन बदलून आल्या. टेबलाच्या पायरीवर एक पाऊल ठेवलं आणि तिथेच थांबल्या. मॅडमनी घाई केली नाही. स्टुलावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. बराच वेळ आम्ही तिघी ती किक ऐकत होतो.

मग अक्का चढल्या. आडव्या झाल्या. माझं मनगट धरलं. त्या बोटांना अंगठ्याजवळ घट्टा होता, कात्रीचा. गुडघे एकमेकांना चिकटलेले. कपाळावर घाम, ओठ दाबलेले, जणू टाचण्या अजून ओठांतच आहेत.

"मी थांबते, अक्का," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तेव्हा."

"ही शिलाई पाहा," अक्का छताकडे पाहत म्हणाल्या. "वाकडी गेली. कोनत्या मेलीनं शिवली?"

"तुम्हीच," मी म्हणाले.

त्यांना हसू आलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहू लागलं, आणि त्या हसण्यातच केव्हातरी गुडघे सुटले. "करा," त्या म्हणाल्या. "करा आता."

त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, दुसरीकडे कुठे पाहायचं मला सुचत नव्हतं. एकदा भुवया आवळल्या. एकदा श्वास अडकला, मग सुटला. बाहेरची मोटरसायकल सुरू झाली आणि निघून गेली.

"झालं, अक्का."

मॅडम उठल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बेसिनकडे जाऊन नळ सोडला.

अक्का तशाच पडून होत्या. त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं, पण पकड राहिली नव्हती.

"झालं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"बठ्ठं झालं?"

"हो, अक्का."

त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. कुणी आत आलं नव्हतं, कुणी हसलं नव्हतं. मग त्या परत छताकडे पाहू लागल्या.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या.

बेसिनवर मॅडम पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि हात धुऊन झाले तरी नळ चालूच होता.